विमानाची पाने तेवढी द्या!

गेल्या कार्तिकात एक गृहस्थ मुंबईहून मुद्दाम माझ्या घरी आले. पायांत उंची बूट, हातात पातळ कातडी पिशवी, बोलणे साखरेत घोळलेले. आमच्या हिने त्यांच्यापुढे कडक भाकरी नि शेंगांची चटणी ठेवली. ती त्यांनी मोठ्या आवडीने खाल्ली, सोलापूरची तारीफ केली, आणि मग हात पुसून माझ्या कपाटातली अकरा पाने एकेक करून पाहिली. पाहून झाल्यावर त्यांतली चार बाजूला काढली आणि म्हणाले, "सर, ही विमानाची पाने तेवढी द्या. पानाला नऊ हजार रोख देतो. बाकीची तुमच्याकडेच राहू देत, त्यांना मागणी नाही."

मी त्यांना चहा पाजला आणि परत पाठवले. आता कोणी म्हणेल, दहावी शिकलेल्या चित्रकलेच्या मास्तराला छत्तीस हजार रुपये जड झाले काय? जड मुळीच झाले नव्हते. थोरलीच्या फीची तारीख त्याच आठवड्यात होती आणि हिने दोन दिवस माझ्याशी धड भाषण केले नाही. कादंबऱ्या लिहून किती मिळतात हे तिला पक्के ठाऊक आहे. परंतु त्या गृहस्थांच्या त्या एका वाक्याने मला जो संताप आला, तो अद्याप उतरलेला नाही. म्हणून ऐन दिवाळीत, फराळाच्या ताटाशेजारी, हे भांडण मांडण्याची मी वाचकांकडे परवानगी मागतो.

ही अकरा पाने मला रद्दीत मिळाली. बारा वर्षांपूर्वी, दिवाळीच्या साफसफाईच्या दिवसांत, जुन्या इयत्तांची पुस्तके शोधायला गेलो होतो. "घ्या की सर, जाड कागद हाय, पोरांस्नी रंगवायला होतंय," म्हणून रद्दीवाल्याने एक गठ्ठा पुढे सरकवला. पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर मुलांकडून चित्रे काढून घ्यावीत, असा त्या बापड्याचा सद्हेतू होता. घरी येऊन गठ्ठा उलटला आणि जमिनीवर बसलो तो उठलोच नाही. एका चित्रकथेची ती मूळ पाने होती, काळ्या शाईने काढलेली. महापुराने वेढलेल्या एका गावाला औषध पोचवायला निघालेला वैमानिक, आणि त्याचे ते छोटे दोन पंख्यांचे विमान! पहिल्या पानाच्या कोपऱ्यात निळ्या पेन्सिलीने लिहिले होते, "एकूण १६ पाने". त्यांतली पाच नव्हती.

ज्यांनी मूळ चित्र कधी हातात धरलेले नाही, त्यांना सांगतो. छापील पुस्तकात आपल्याला दिसते ती त्या चित्राची पडछाया असते. मूळ पान त्याच्या दीडपट-दुप्पट मोठे असते. कॅमेरा ते लहान करून ठोकळ्यावर नेतो. कच्ची आखणी फिक्या निळ्या पेन्सिलीने करतात, कारण तो निळा रंग कॅमेऱ्याला दिसत नाही. शाईची रेघ चुकली की तिच्यावर पांढरा रंग थापतात. फुग्यांतली अक्षरे वेगळ्या कागदावर लिहून चिकटवतात. डिंक वाळला की ती गळून पडतात आणि पात्रे मुकी होतात. माझ्या पानांतल्या सहाव्या पानावर पाऊस आहे. तो पाऊस चित्रकाराने काढलेला नाही. त्याने आधी सगळे आकाश काळ्या शाईने भरून टाकले आणि मग दाढीच्या पात्याने ती शाई खरवडून आतला कागद उघडा केला. बोट फिरवले तर त्या सरी बोटाला लागतात. छापल्यावर यातले काय उरले असेल? तिरप्या पांढऱ्या रेघा, बस्स.

या सहाव्या पानात विमान नाही. एक म्हातारी हातात कंदील घेऊन उंबऱ्यावर आली आहे आणि तिने मान वर केली आहे. तिला आवाज ऐकू आला आहे, एवढेच. कंदिलाचा उजेड तिच्या हनुवटीखाली पडला आहे आणि वरच्या काळोखात आपणही तिच्याबरोबर ते विमान शोधू लागतो. सोळा पानांची ती गोष्ट ज्या पानासाठी रचली असेल, ते हे पान. आणि आमचे मुंबईकर पाहुणे ते उलटून म्हणाले, "यात विमान कुठे आहे?"

मला विमानाचे वावडे आहे असे कोणी समजू नये. सोलापूरच्या माणसाला विमानाची भूक जरा जास्तच. होटगी रस्त्याला विमानतळ होता, पण विमान नव्हते. मध्ये थोडे दिवस आले नि बंद पडले. २०२३ च्या जूनमध्ये सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली तेव्हा गावात दोन तट पडले होते, आणि २०२५ मध्ये गोव्याचे विमान सुरू झाले. एक चिमणी पाडून आम्ही विमान उडवले! माझ्या लहानपणी तेही नव्हते. बाप गिरणीत, आम्ही चाळीत, आणि विमान इंद्रजाल कॉमिक्समध्ये. टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशकांनी हे कॉमिक्स मार्च १९६४ मध्ये सुरू केले आणि १९९० मध्ये ते बंद पडले. आमच्या वाट्याला आली ती त्याची अखेरची वर्षे आणि रद्दीतली मागची पंचवीस. पावली देऊन दिवसभरासाठी अंक मिळे. बाकीची पोरे वेताळावर नि मँड्रेकवर तुटून पडत. मी बझ सॉयर शोधत असे. हा अमेरिकन आरमारातला वैमानिक. रॉय क्रेन नावाच्या चित्रकाराने १९४३ मध्ये, ऐन महायुद्धात, त्याला जन्म दिला आणि इंद्रजालने त्याला आमच्या चाळीत आणून सोडले.

आतली चित्रे परदेशी, पण वरचे रंगीत मुखपृष्ठ बहुधा मुंबईतच रंगवलेले असे. ते रंगवणाऱ्यांतले प्रमुख गोविंद ब्राह्मणिया. पुढे १९७६ मध्ये आबिद सुरती यांनी बहादूर हा आपल्या मातीतला नायक उभा केला, त्यालाही रूप दिले ते या ब्राह्मणियांनीच. शेकडो मुखपृष्ठे त्यांनी रंगवली. माझ्या पिढीतल्या लाखो मुलांनी जगात सर्वांत आधी कोणाची चित्रे पाहिली असतील तर या माणसाची. आणि मला त्यांचे नाव कळले तेव्हा माझे लग्न झालेले होते! दोष माझा, हे कबूल. पण शाळेत, वर्तमानपत्रात, चित्रकलेच्या परीक्षांच्या पुस्तकांत कोणी ते मला सांगितले होते काय? एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या दोन्ही परीक्षा मी दिल्या. त्यांच्या तयारीत पिकासो भेटला, ब्राह्मणिया भेटले नाहीत.

इथे आमचे विद्वान पुढे सरसावतात. शिक्षकांच्या खोलीत एका पदवीधर बंधूंनी मला सर्वांदेखत विचारले, "काय हो, या वयात पोरांची चित्रे जमवता?" पोरखेळ म्हणजे कला नव्हे, असे त्यांचे म्हणणे. ठीक आहे. मग त्यांना मी एक हकीकत सांगितली ती तुम्हांलाही सांगतो. १९६२ साली अमेरिकेत 'ऑल-अमेरिकन मेन ऑफ वॉर' नावाच्या चित्रकथेच्या अंकात अर्व्ह नोव्हिक या चित्रकाराने एक चौकट काढली: एक लढाऊ विमान दुसऱ्या विमानावर अग्निबाण सोडते आहे. पुढच्याच वर्षी रॉय लिक्टेनस्टाइन या चित्रकाराने त्या चौकटीवरून चार मीटर रुंदीचे रंगचित्र केले आणि त्याला नाव दिले 'व्हॅम!'. काही बदल केले, नाही असे नाही. १९६६ मध्ये लंडनच्या टेट संग्रहालयाने ते विकत घेतले. आज ते विसाव्या शतकातल्या गाजलेल्या चित्रांत मोडते. विमान नोव्हिकचे, झेप नोव्हिकची, कीर्ती दुसऱ्याची. तेच विमान पोरांच्या अंकात असेपर्यंत पोरखेळ होते आणि संग्रहालयाच्या भिंतीवर चढताच त्याची कला झाली! मग कला कशाला म्हणायचे, रेघेला की भिंतीला?

आणि आपल्या जिल्ह्याचेच उदाहरण घ्या. १९१५ साली पंढरपुरात जन्मलेले मकबूल फिदा हुसेन मुंबईत सिनेमाचे फलक रंगवून पोट भरत होते. ते फलक पुढच्या सिनेमासाठी पुन्हा पुसून रंगवायचे असत. त्या फलकांतला एखादा आज निघाला तर आमचे पदवीधर बंधूच रांगेत पहिले उभे राहतील.

पण विद्वानांवर मी फार रागावत नाही. ते निदान कात्री चालवत नाहीत. कात्री चालते ती प्रकाशकांच्या कचेरीत. माझ्या पहिल्या पानाच्या उजव्या कोपऱ्यात चित्रकाराची सही होती. तिची खालची अर्धी अक्षरे तेवढी उरली आहेत. वरची कोणीतरी समास कापताना कापली. शीर्षकाखाली कथालेखकाच्या नावाची पट्टी चिकटवायला मोजून जागा सोडली आहे. चित्रकाराच्या नावाला जागाच नाही. आणि त्याच पानाच्या मागे पेन्सिलीने एक हिशेब आहे: सोळा गुणिले वीस, तीनशे वीस, त्याखाली "१०० दिले". बाकीचे दोनशे वीस त्याला मिळाले की नाही, ते कागद सांगत नाही. मी बारा वर्षे त्या अर्ध्या सहीकडे पाहतो आहे. शेवटचे अक्षर 'र' आहे की 'स' आहे, एवढ्यावर माझे संशोधन अडले आहे.

मी हे दुसऱ्यांच्या नावाने ओरडतो आहे असे वाटू नये म्हणून स्वतःचेही सांगतो. माझ्या पहिल्या कादंबरीचे मुखपृष्ठ ज्यांनी रंगवले ते चित्रकार आता हयात नाहीत. पुस्तक निघाल्यावर मूळ चित्र पाहावे म्हणून मी प्रकाशकांकडे गेलो. ते म्हणाले, छापखान्यात असेल. छापखान्यात म्हणाले, प्रकाशकांकडे गेले. तिसऱ्या खेपेला ते मला प्रकाशकांच्याच कचेरीत दिसले: बिलांच्या गठ्ठ्याला ताठपणा यावा म्हणून पाठीशी लावलेले, रंग आतल्या बाजूला, मध्यावर दोरीची खूण. मी काय केले असेल? काहीही नाही! दुसऱ्या कादंबरीचे हस्तलिखित माझ्या पिशवीत होते. मी गप्प बसलो, चहा प्यालो, आणि घरी आलो. त्या चित्रकारांना हे मी कधीच सांगितले नाही, आणि आता सांगण्याची सोय उरलेली नाही.

कायदा काय म्हणतो? १९५७ चा कॉपीराइट कायदा, कलम १७ पाहावे. नियतकालिकाच्या पगारी नोकराने त्या नियतकालिकासाठी काढलेल्या चित्रावर, उलट करार नसेल तर, मालकाचा हक्क नियतकालिकात छापण्यापुरता. बाकी सर्व बाबतींत पहिला हक्क चित्रकाराचा. पैसे देऊन मुद्दाम काढून घेतलेल्या रंगचित्राबद्दल कायदा वेगळे बोलतो, हेही प्रामाणिकपणे सांगून टाकतो. परंतु हे सगळे छापण्याच्या हक्काविषयी झाले. तो रंगवलेला पुठ्ठा, तो कागद कोणाचा? त्याचा निकाल करारावर, आणि करार कोणी करतच नाही. "पाठवून द्या, अंक अडलाय," असा फोन येतो, चित्र जाते, ते जातेच. १९९४ च्या दुरुस्तीने याच कायद्यात कलम ५३-अ घातले: मूळ चित्र दहा हजारांहून अधिक किमतीला पुन्हा विकले गेले, तर ज्या चित्रकाराचा पहिला हक्क होता त्याला किंवा त्याच्या वारसांना त्या किमतीत दहा टक्क्यांपर्यंत वाटा. दहा हजारांहून अधिक! आमच्या पाहुण्यांनी नऊ हजार का म्हटले याविषयी मी काही सुचवू इच्छित नाही. त्यांना हे कलम माहीत असेल असे मला वाटत नाही. ते माहीत असलेला माणूस मला अजून भेटायचा आहे.

अमेरिकेतही हे युद्ध झाले. जॅक कर्बी हा त्यांच्याकडचा चित्रकथेचा भीष्माचार्य. स्वतः काढलेली पाने परत मागायला त्याला मार्व्हल कंपनीशी वर्षानुवर्षे झगडावे लागले. इतर चित्रकारांना एक साधा कागद सही करायला दिला, याच्यापुढे अटींचा लांबलचक दस्तऐवज ठेवला. अखेर १९८७ मध्ये, हजारो पानांपैकी, दोन हजारांच्या आसपास पाने त्याच्या हाती पडली. बाकीची? पण त्याने मागितली, त्याच्या मागे वाचक उभे राहिले, आरडाओरडा झाला. आमच्याकडे दलाल-मुळगावकरांच्या चित्रांसाठी लोक दिवाळी अंक घेत. घरोघर ती चित्रे चौकटीत लागली. ती चौकटीत लावणाऱ्यांपैकी कोणी कधी संपादकांना पत्र टाकून विचारले काय, की मूळ चित्र दीनानाथ दलालांना परत गेले ना?

आता संग्राहक. त्यांच्याविषयी मला दोन तोंडांनी बोलावे लागणार, कारण मीही त्यांतलाच. ज्यांनी रद्दीतून, छापखान्याच्या माळ्यावरून, वाळवीच्या तोंडून ही पाने सोडवली, त्यांना मी हात जोडतो. लोक हसले तरी त्यांनी ती जपली. परंतु पैशाची चाहूल लागताच एक निराळीच जात पुढे आली आहे. २०२१ च्या जानेवारीत पॅरिसमध्ये हर्जेने १९३६ साली टिनटिनसाठी रंगवलेले एक मुखपृष्ठ एकतीस लाख युरोंहून अधिक किमतीला गेले. छापायला महाग पडेल म्हणून त्या काळी नाकारलेले, घड्या घालून कुठेतरी ठेवून दिलेले ते चित्र! ती बातमी आली आणि आमच्याकडचे काही हुशार लोक जुन्या चित्रकारांच्या घरांचे पत्ते शोधू लागले. ते सोळा पानांच्या गोष्टीतली चार पाने उचलतात. एक पान बांद्र्याच्या दिवाणखान्यात, दुसरे दुबईत, तिसरे कोणाच्या तिजोरीत भाव वाढण्याची वाट पाहत. कथा मेली!

आमच्या गावात हे चटकन समजते. सोलापुरी चादरीची नक्षी आधी चौकटीच्या कागदावर काढतात. एकेक चौकोन म्हणजे एकेक धाग्याचा निकाल. त्यावरून पुठ्ठ्यांना भोके पाडतात, ते पुठ्ठे ओळीने शिवून जॅकार्डवर चढवतात आणि माग त्या भोकांप्रमाणे मोर किंवा कमळ विणतो. आता कोणी येऊन म्हणाला, मोराच्या डोळ्याचे पुठ्ठे तेवढे द्या, बाकीचे ठेवा, तर आमचा पद्मशाली कारागीर त्याला काय उत्तर देईल? ते तेलुगूत देईल, आणि ते या अंकात छापता येणार नाही.

मग ही पाने जावीत कुठे? रॉय क्रेनची कागदपत्रे नि मूळ पट्ट्या आज अमेरिकेत सिरॅक्यूज विद्यापीठात आहेत. तो एका खास कागदावर काढत असे: त्यात बारीक रेघांच्या दोन जाळ्या दडवलेल्या असत, एक रसायन फिरवले की एक जाळी उमटे, दुसरे फिरवले की दुसरी. बझ सॉयरच्या आभाळातले ते राखी ढग असे निघत! माझ्या पावलीच्या अंकात त्या ढगांचा नुसता चिखल झाला होता. मला वाटे, ढग असेच असतात. स्टीव्ह कॅनियन या वैमानिकाची चित्रकथा रचणारा मिल्टन कॅनिफ; त्याने आपला संग्रह ओहायो राज्य विद्यापीठाला दिला, त्यावर १९७७ मध्ये एक वाचनकक्ष उभा राहिला, आणि आज तिथे तीन लाख मूळ चित्रे आहेत. कोणीही जाऊन मागावीत, मेजावर आणून देतात. वर्तमानपत्रातल्या पट्ट्यांसाठी एवढा खटाटोप! आणि आपण? मी तीन लाखांची मागणी करत नाही. आमच्या हिराचंद नेमचंद वाचनालयासारखी शंभर वर्षांहून जुनी वाचनालये महाराष्ट्रात गावोगाव आहेत. त्यांपैकी दहांनी एकेक लोखंडी कपाट, एक रजिस्टर आणि थोडी डांबराच्या गोळ्यांची पुडी एवढे जरी या कामी दिले, तरी माझ्यासारखे वीस-पंचवीस मास्तर आपापले गठ्ठे घेऊन दारात उभे राहतील.

आणि संपादकांनी एक करावे. चित्रकाराला मानधनाचा धनादेश पाठवताना त्याच पाकिटातून मूळ चित्र परत पाठवावे. चित्र लहान घडीत मावत नसेल तर पाकीट मोठे घ्यावे. या अंकाच्या संपादकांनाही मी तेच लिहिले आहे. त्यांचे उत्तर आले: लेख छापतो, दुसऱ्या मुद्द्यावर व्यवस्थापकांशी बोलतो. लेख तर छापला. या पानावर माझ्या मजकुराशेजारी एखादे चित्र असेल, तर त्याचे काय झाले हे मी पाडव्यानंतर विचारायला जाणार आहे, आणि या वेळी माझ्या पिशवीत हस्तलिखित नसेल.

माझ्या अकरा पानांचे मी काय केले ते सांगतो. ती मी शाळेत नेतो. आठवीच्या वर्गाला पान चार दाखवतो, त्यात विमानाच्या डाव्या पंख्यातून धूर निघू लागला आहे. मग पान सहा दाखवतो, त्यात म्हातारी कंदील घेऊन उभी आहे. आणि सांगतो, पाचवे पान तुम्ही काढा. दर वर्षी चाळीस पोरे चाळीस पाचवी पाने काढतात. एका मुलीने नुसते ढग काढले, आणि एका ढगाला म्हातारीचा चेहरा दिला. ते मी तिला परत दिले.

दिवाळीच्या साफसफाईत वाचकांच्या घरून नि छापखान्यांच्या माळ्यांवरून रद्दी निघेल. कृपा करून तिच्यात एवढे पाहावे: जाड, पिवळट पडलेला कागद, दीड वीत रुंद नि दोन वितींहून थोडा उंच, वरच्या उजव्या कोपऱ्यात निळ्या वर्तुळात मराठी आकडा, मागची बाजू कोरी. मला पाच, आठ, बारा, पंधरा आणि सोळा ही पाने हवी आहेत. विकत मागत नाही. पाहायला द्यावीत, मी उतरवून घेऊन परत करीन. चौदाव्या पानाच्या अखेरच्या चौकटीत वैमानिकाने औषधाची पेटी छातीशी धरून पाण्यात पाय टाकला आहे. म्हातारीच्या घरात आजारी कोण होते आणि पेटी तिथवर पोचली की नाही, ते आठवीच्या वर्गाला अजून कळलेले नाही.